हजारावर मोहिमा करून जिवंत परतला, पण घरी आल्यावर कोसळला. व्हिएतनाममधल्या हेलिकॉप्टर पायलटची गोष्ट

१९८३ साली अमेरिकेत एक पुस्तक आलं आणि बघता बघता खपाच्या यादीत वर गेलं. लेखकाचं नाव रॉबर्ट मेसन. व्हिएतनामच्या लढाईत हेलिकॉप्टर चालवलेला माणूस. पुस्तकाचा बोलबाला सुरू झाला तेव्हा लेखक मात्र फ्लोरिडातल्या सरकारी तुरुंगात शिक्षा भोगत होता. गुन्हा होता गांजाच्या तस्करीचा.

एका वर्षात हजारावर लढाऊ मोहिमा करून जिवंत परतलेला माणूस तुरुंगापर्यंत पोचला कसा, हे समजून घ्यायचं तर त्याचं पुस्तक बघावं लागतं. आपल्या भागात फौजेत गेलेला माणूस नाही असं गाव सापडणं अवघड. साताऱ्याजवळच्या एका गावाचं तर नावच अपशिंगे मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण गेले. त्यामुळे लढाईवरून परत आलेल्या माणसाचं पुढे काय होतं, हा प्रश्न फक्त अमेरिकेचा नाही.

पुस्तकाच्या नावाचा अर्थ

पुस्तकाचं नाव 'चिकनहॉक'. कोंबड्यांवर झडप घालणाऱ्या पक्ष्याला इंग्रजीत असं म्हणतात, आपल्याकडच्या शिक्र्यासारखा. पण इंग्रजीत 'चिकन' म्हणजे भित्रा माणूससुद्धा. आपण भागूबाई म्हणतो तसं. मेसनचं म्हणणं असं, की उड्डाणाआधी जमिनीवर बसलेला असताना तो भित्रा असायचा, आणि एकदा मशीन हवेत गेलं की ससाणा. दोन्ही एकाच माणसात. शूर माणसाला भीती वाटत नाही असं आपण पोवाड्यातून ऐकत आलो, पण खरोखर गोळ्या खाऊन आलेली माणसं असं फार कमी वेळा सांगतात.

हेलिकॉप्टर चालवणं म्हणजे नेमकं काय

मेसनचा जन्म १९४२ चा. लहानपण फ्लोरिडात गेलं. उडण्याचं वेड पहिल्यापासून, विशीच्या आतच त्याने छोटं विमान चालवायचं लायसन काढलं होतं. १९६४ मध्ये तो सैन्यात गेला तो लढायला नाही, हेलिकॉप्टर शिकायला मिळेल म्हणून. टेक्सासमधल्या फोर्ट वोल्टर्सला पहिलं शिक्षण आणि अलाबामातल्या फोर्ट रकरला पुढचं.

हेलिकॉप्टर आपण पुढाऱ्यांच्या सभेला बघतो, पुरात बघतो. आत बसलेला माणूस काय करत असतो हे सहसा कळत नाही. पायलटच्या डाव्या हाताशी मोटारीच्या हँडब्रेकसारखा एक दांडा असतो. तो वर ओढला की वरची सगळी पाती एकदम तिरकी होतात, जास्त हवा कापतात आणि मशीन उचललं जातं. त्याच दांड्याच्या टोकाला मोटारसायकलच्या रेससारखी पिळायची मूठ. उजव्या हातात दोन पायांच्या मधली काठी. ती ज्या बाजूला झुकवाल त्या बाजूला मशीन सरकतं. पायाखाली दोन पेडल, ती शेपटीवरच्या छोट्या पंख्यासाठी. तो पंखा नसेल तर वरची पाती एका दिशेला आणि खालचं धूड उलट्या दिशेला गरगर फिरत राहील.

खरी गोची पुढे आहे. यातलं एक हलवलं की बाकीची दोन्ही बिघडतात. दांडा ओढला की इंजिनावर भार येतो, मग मूठ पिळावी लागते, ती पिळली की नाक एका बाजूला वळतं, मग पेडल दाबावं लागतं, तोवर मशीन बाजूला सरकलेलं असतं म्हणून काठी. हे सगळं एकाच वेळी. म्हणून शिकाऱ्याला सुरुवातीला एकेक गोष्टच हातात देतात. हवेत एका जागी स्थिर उभं राहणं हा सगळ्यात अवघड धडा. पहिले काही दिवस मशीन अख्ख्या मैदानभर हुंदडत असतं. नवीन माणूस पहिल्यांदा रोटाव्हेटर लावून ट्रॅक्टर चालवतो तेव्हा सरी कुठं जाते ते शेतकऱ्याला माहीत आहे, त्याच्या दहापट धरा.

आणि एक दिवस अचानक जमून जातं. हात-पाय आपोआप चालायला लागतात, विचार करावा लागत नाही. शरीर शिकतं. शरीराने शिकलेलं पुढे लवकर विसरलं जात नाही, आणि या गोष्टीत ते फार महत्त्वाचं आहे.

इंजिन बंद पडलं तर? दांडा पटकन खाली सोडायचा. मशीन खाली येताना खालून येणारी हवाच पात्यांना फिरवत राहते, पवनचक्कीसारखी. जमिनीच्या जवळ आलं की त्या फिरणाऱ्या पात्यांमध्ये उरलेली ताकद वापरून हळू टेकवायचं. संधी एकदाच मिळते.

भाताच्या खाचरात उतरायचं

१९६५ मध्ये अमेरिकेने एक नवीन प्रयोग केला. पहिली कॅव्हलरी डिव्हिजन, म्हणजे जुन्या काळचं घोडदळ, पूर्ण हेलिकॉप्टरवर बसवलं. मेसन याच डिव्हिजनच्या २२९ व्या असॉल्ट हेलिकॉप्टर बटालियनमध्ये होता. हेलिकॉप्टरांसह सगळे जहाजाने व्हिएतनामला गेले आणि डोंगराळ भागात आन खे इथे तळ पडला.

त्याच्या हातात होतं 'ह्युई'. इंजिन साधारण ११०० हॉर्सपॉवरचं, म्हणजे पन्नास एचपीचे बावीस ट्रॅक्टर एकत्र. वर दोनच पाती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४८ फूट. पात्यांच्या टोकांचा वेग आवाजाच्या वेगाच्या जवळ जातो, त्यामुळे ह्युईचा तो ठप-ठप-ठप आवाज मैलभरावरून कळतो. व्हिएतनामला जाऊन आलेली कितीतरी माणसं म्हातारपणीही हा आवाज आला की जागच्या जागी थबकतात.

काम सांगायला सोपं. सात-आठ जवान घ्यायचे, दहा-बारा हेलिकॉप्टरांच्या रांगेत उडायचं, रानातल्या मोकळ्या जागेत उतरायचं, जवान उड्या मारून गेले की परत फिरायचं, पुढची खेप आणायची. येताना जखमी आणि मेलेले घेऊन यायचं. मोकळी जागा म्हणजे बऱ्याच वेळा कुणाचं तरी भाताचं खाचर. समोरच्यांनाही कळायचं की हेलिकॉप्टर उतरणार तर इथेच उतरणार. मग कडेला बंदुका लावलेल्या, कुठे खाचरात टोकदार बांबू उभे केलेले.

रांगेत उडताना पायलटला चुकवाचुकवी करता येत नाही. पुढच्या-मागच्या मशीनची पाती जवळ असतात. समोरून गोळ्या येताना दिसत असतात आणि तरी वेग कमी करत सरळ त्याच दिशेने खाली जायचं असतं. जवानाला निदान बांधाआड पडता येतं, हातात बंदूक असते. पायलटचे दोन्ही हात, दोन्ही पाय गुंतलेले. काचेच्या मागे बसायचं आणि उतरायचं.

नोव्हेंबर १९६५ मध्ये इया द्रांगच्या खोऱ्यात पहिली मोठी लढाई झाली. 'वुई वेअर सोल्जर्स' हा २००२ चा इंग्रजी सिनेमा त्यावरच आहे. साडेचारशेच्या आसपास जवान आत सोडायचे होते आणि ह्युई होती फक्त सोळा, म्हणजे सगळे एकदम पोचणं शक्यच नव्हतं. पहिले उतरले ते पुढच्या खेपेची वाट बघत लढत राहिले. चार-पाच दिवसांत दोनशेहून अधिक अमेरिकन मेले, व्हिएतनामी त्याहून कितीतरी जास्त. त्या मोहिमेत मेसननेही खेपा केल्या. त्याच बटालियनमधल्या ब्रूस क्रँडल या पायलटने गोळीबारात जाऊन जखमी बाहेर काढले, त्याला त्याबद्दल देशातलं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण ते २००७ साली. ४१ वर्षांनी.

वर्षाला हजारावर मोहिमा म्हणजे दिवसाला सरासरी तीनच्या आसपास. काही दिवस नुसतं रेशन-दारूगोळा पोचवायचं, काही दिवस एकामागून एक खेपा. त्या सगळ्या युद्धात अमेरिकेने साधारण १२ हजार हेलिकॉप्टर वापरली, त्यातली ५ हजारांहून अधिक नष्ट झाली. काही पाडली गेली, काही अपघातात गेली. मेसन दरवेळी परत आला.

व्हिएतनाम सरकारने १९९५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार त्यांच्या बाजूचे ११ लाख लढणारे आणि दोन्हीकडचे मिळून जवळपास २० लाख सामान्य लोक या युद्धात गेले. अमेरिकेचे ५८ हजार. आठवणी अमेरिकन पायलटच्या असल्या तरी ज्यांच्या खाचरात हेलिकॉप्टर उतरत होती त्या शेतकऱ्यांचा हिशेब सोडून ही गोष्ट पूर्ण होत नाही.

दिवस मोजत राहायचे

व्हिएतनाममध्ये जवानाची मुदत ठरलेली असायची, साधारण बारा महिने. प्रत्येकाची तारीख वेगळी. त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यात आपापलं कॅलेंडर. ऐकायला बरं वाटतं, पण व्हायचं उलटं. नवा असताना माणूस बेफिकीर असतो, शेवटचा महिना राहिला की प्रत्येक उड्डाण शेवटचं वाटायला लागतं. इतके दिवस वाचलो, आता कडेला येऊन मरायचं का, असं. मेसनचीही झोप उडाली, शेवटी शेवटी मन शांत राहावं म्हणून डॉक्टरने दिलेल्या गोळ्या घ्यायची वेळ आली. तरी तो उडत राहिला.

परत येण्याची रीतही विचित्र होती. दुसऱ्या महायुद्धातले जवान जहाजाने परत आले, बरोबरीच्या सोबत्यांसोबत, आठवडेच्या आठवडे बोलत, रडत, भांडत. व्हिएतनाममधला जवान एकटा विमानात बसायचा आणि एक-दोन दिवसांत स्वतःच्या घरात. परवा रात्री तोफा ऐकल्या, आज जेवायला टेबलावर बसलाय. बोलणार कुणाशी? आणि देशात तोवर युद्धाविरोधात वातावरण तापायला लागलेलं. लोक एकतर विचारत नव्हते, नाहीतर विचारायचे ते टोचून.

घरी आल्यावर

१९६६ मध्ये परतल्यावर मेसनला फोर्ट वोल्टर्सला शिक्षक केलं. जिथे शिकला तिथेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, सुटला बिचारा. बायको जवळ, लहान मुलगा जवळ, गोळ्या नाहीत.

पण इथेच तो ढासळायला लागला. रात्री अंथरुणातून ताडकन उठायचा. छातीत धडधड. दारू वाढली. मग हवेत असताना चक्कर यायला लागली. शेवटी सैन्याने त्याचं उडणं बंद केलं. ज्या कामासाठी तो फौजेत आला होता, जे त्याला जगात सगळ्यात चांगलं यायचं, तेच गेलं. १९६८ मध्ये तो बाहेर पडला.

लढाईत काही झालं नाही आणि सुरक्षित जागी आल्यावर का झालं? याचं उत्तर त्या शिकलेल्या शरीरातच आहे. धोका आला की शरीर आपोआप तयार होतं. काळीज जोरात पळतं, कान टवकारतात, झोप उडते, भूक मरते. साप दिसल्यावर आपण विचार करायच्या आत मागे उडी मारतो, तसं. साप गेला की थोड्या वेळात शरीर पूर्ववत होतं. पण वर्षभर रोज साप दिसत राहिला तर? शरीर तयारीतच राहायला शिकतं. तिथे ती गरज होती, त्यानेच माणूस जिवंत राहिला. घरी साप नसतो पण तयारी सुटत नाही. दार आपटलं, फटाका वाजला, मागून कुणी खांद्यावर हात ठेवला की शरीर पुन्हा तिथे जाऊन उभं राहतं. आणि लढताना हात गुंतलेले असतात, म्हणून जे बघितलं ते बाजूला पडतं. हात रिकामे झाले की ते समोर येतं.

पहिल्या महायुद्धात याला 'शेल शॉक' म्हणायचे. बरेच अधिकारी सरळ भित्रेपणा म्हणायचे. मेसन कोसळला तेव्हाही डॉक्टरांच्या पुस्तकात या आजाराला आजचं नाव नव्हतं. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने तो अधिकृतपणे नोंदवला: पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, थोडक्यात पीटीएसडी. यामागे व्हिएतनामहून परतलेल्या जवानांचा मोठा रेटा होता. ते आधी आपापसात गट करून बसत, बोलत. १९७९ मध्ये सरकारने त्यांच्यासाठी गावोगावी समुपदेशन केंद्रं सुरू करायला मंजुरी दिली. पुढे १९८८ च्या मोठ्या सरकारी पाहणीत दिसलं की व्हिएतनामला जाऊन आलेल्या पुरुषांपैकी १५ टक्क्यांना तेव्हाही हा त्रास सुरू होता, म्हणजे युद्ध संपून तेरा वर्षं झाल्यावर. कधी ना कधी त्रास झालेले जवळपास ३० टक्के.

गांजा, तुरुंग आणि पुस्तक

मधली बारा-तेरा वर्षं मेसनची भरकटण्यातच गेली. धंदा, नोकरी, काहीच धड टिकलं नाही. फ्लोरिडातल्या रानात स्वतःच्या हाताने खोपट बांधून राहिला. बायको पेशन्स सोबत होती. तिथेच त्याने व्हिएतनामच्या आठवणी लिहायला घेतल्या. लिहिता लिहिता पैसा संपला आणि कोलंबियातून शिडाच्या बोटीने गांजा आणायच्या कामात तो शिरला. जानेवारी १९८१ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर बोट पकडली गेली. पाच वर्षांची शिक्षा झाली, त्यातली दोनेक वर्षं त्याने प्रत्यक्ष भोगली.

आजार होता म्हणून गुन्हा माफ, असं त्यातून निघत नाही. तसाच त्रास असलेल्या हजारो जणांनी तस्करी केली नाही. मेसननेही ही गोष्ट लपवली नाही, पुस्तकाच्या शेवटी सरळ लिहून टाकली. हा प्रामाणिकपणा पुस्तकभर आहे. कुठली मोहीम आपण गाजवली यापेक्षा कुठे हात थरथरले, कुठे मेलेल्यांकडे बघून काहीच वाटेनासं झालं, हे तो जास्त सांगतो. शौर्यकथा वाचायला बसलेला वाचक त्यामुळे थोडा अस्वस्थ होतो. १९९३ मध्ये त्याचं आठवणींचं आणखी एक पुस्तक आलं, त्यात युद्धानंतरची ही सगळी वर्षं आणि तुरुंग आहे. एका अर्थाने ते पहिल्यापेक्षा जास्त गरजेचं. लढाईवर लिहिणारे पुष्कळ असतात, लढाईनंतरच्या वीस वर्षांवर कोण लिहितं?

बायकोचं पुस्तक

पेशन्स मेसनने १९९० मध्ये स्वतःचं पुस्तक काढलं, व्हिएतनामहून आलेल्यांच्या बायकांसाठी. याकडे जरा जास्त लक्ष द्यायला हवं. कारण अशा घरात पहिला मार बायकोला आणि पोरांना बसतो. नवरा रात्री ओरडत उठतो, गर्दीत जायला नको म्हणतो, लग्नकार्य टाळतो, क्षुल्लक कारणावरून भांडं भिरकावतो, नाहीतर दिवसेंदिवस बोलत नाही. घरच्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. मग सगळं घर त्याच्या मूडवर चालायला लागतं, पोरं पावलं न वाजवता फिरतात. पेशन्सचा मुद्दा असा की हे घरच्यांमुळे झालेलं नाही, आणि त्याला सांभाळता सांभाळता घरच्यांनीही स्वतःसाठी मदत घ्यायला हवी.

आपल्याकडे काय करता येतं

गावात रिटायर होऊन आलेल्या फौजीबद्दल दोनच गोष्टी बोलल्या जातात. एक, कडक माणूस. दोन, दारू जरा जास्त घेतो. तिसरी शक्यता कुणाच्या डोक्यात येत नाही. प्रत्येक दारू पिणाऱ्या फौजीला पीटीएसडी आहे असंही नाही, ते डॉक्टरनेच ठरवायचं. पण महिन्याहून जास्त काळ तेच ते प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी डोळ्यांसमोर येणं, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं, सतत सावध आणि चिडलेलं असणं, आपल्याच माणसांपासून तुटल्यासारखं वाटणं, असं असेल तर दाखवायला हवं. हा त्रास फक्त जवानांना होतो असंही नाही. अपघातातून, पुरातून, दरडीतून वाचलेल्यांनाही होतो. जिवाचं बरंवाईट करायची भाषा निघाली तर मात्र वाट बघायची नाही, माणसाला एकटं सोडायचं नाही.

उपचार आहेत. मुख्य उपचार बोलण्याचा. शिकलेल्या तज्ज्ञासोबत बसून तो प्रसंग हळूहळू, सुरक्षितपणे पुन्हा बघायचा, म्हणजे शरीराला कळतं की ते आता संपलंय. जोडीला गरजेप्रमाणे गोळ्या. दारूने झोप लागते असं वाटतं, पण ती झोप खरी नसते आणि त्रास वाढतो.

माजी सैनिकांना ईसीएचएसच्या दवाखान्यातून मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवलं जातं, त्यासाठी कार्ड चालतं. कागदपत्रांची अडचण असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं. बाकी सगळ्यांसाठी केंद्र सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. सैन्यातल्या लोकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी याच सेवेचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला. फोन त्या माणसानेच करायला पाहिजे असं नाही. तो तयार नसेल तर बायको, मुलगा, भाऊ, कुणीही करून काय करायचं ते विचारू शकतं.